उंदराच्या डेंड्रायटिक पेशी वाढवायच्या आहेत? आधी कोणत्या, ते ठरवा

एम.एस्सी.चे प्रोजेक्ट ठरायला लागले की जळगाव-धुळ्याकडच्या कॉलेजांत दरवर्षी एकदोन पोरं तरी ‘डेंड्रायटिक सेलवर काम करायचंय’ म्हणत येतात. प्रतिजन, म्हणजे शरीराला परकी वाटणारी वस्तू, पकडून ती टी-पेशींना दाखवणाऱ्या या प्रतिकारशक्तीच्या पेशी. हाताशी बहुतेक वेळा एखाद्या वनस्पतीचा अर्क असतो. गुळवेल असेल, कडुनिंब असेल, नाहीतर सातपुड्यातून आणलेलं काही. त्याने प्रतिकारशक्तीवर काय परिणाम होतो ते बघायचं असतं. कल्पनेत काही वावगं नाही. पण ‘कोणत्या डेंड्रायटिक पेशी?’ असं विचारलं की समोर शांतता पसरते, कारण बहुतेकांच्या डोक्यात ही एकच पेशी असते. ती एक नाही. प्लेटमध्ये कोणतं सायटोकाइन, म्हणजे पेशींना वाढीचा-वागण्याचा निरोप देणारं प्रथिन, टाकता यावर कोणत्या पेशी हाती येणार ते ठरतं, आणि त्यावरच तुमच्या प्रश्नाला उत्तर मिळणार की नाही तेही ठरतं. म्हणून हात हूडमध्ये घालण्याआधी थोडी वंशावळ.

मज्जेतून निघालेली वाट

राल्फ स्टाइनमन आणि झॅन्व्हिल कोन यांनी १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात उंदराच्या प्लीहेत फांद्या फुटल्यासारख्या दिसणाऱ्या या पेशींचं वर्णन केलं. बरीच वर्षं लोकांनी त्यांना मॅक्रोफेजचाच, म्हणजे जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या पेशीचाच, एक नमुना समजून बाजूला सारलं. नोबेल मिळायला २०११ साल उजाडलं, आणि घोषणा झाली तेव्हा स्टाइनमन यांना जाऊन तीन दिवस झाले होते. त्याच नोबेलचे आणखी एक मानकरी ब्रूस ब्यूटलर. त्यांचं काम पुढे अर्काच्या भागात लागेल.

अस्थिमज्जेतल्या मूळपेशीपासून पायऱ्या अशा. आधी मॅक्रोफेज आणि डेंड्रायटिक, दोन्ही वाटा मोकळ्या असलेली पूर्वज पेशी, म्हणजे एमडीपी. तिच्यावर सीडी११५, सीडी१३५ आणि भरपूर सीडी११७ असतं (‘सीडी’चे आकडे म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरच्या ओळखखुणा). त्यानंतर सीडीपी, म्हणजे फक्त डेंड्रायटिक पेशींची पूर्वज. हिच्यावर सीडी११७ उतरलेलं असतं आणि मोनोसाइटकडे, म्हणजे मॅक्रोफेजच्या रक्तातल्या पूर्वपेशीकडे, जायची वाट बंद झालेली असते. सीडीपीपासून प्री-डीसी तयार होते. तिच्यावर सीडी११सी आलेलं असतं, पण एमएचसी-२, म्हणजे प्रतिजन मांडून दाखवणारं प्रथिन, अजून नसतं. ही प्री-डीसी रक्तात उतरते, प्लीहा, लिम्फ नोड, आतडं, फुप्फुस अशा ठिकाणी जाऊन बसते आणि तिथे पूर्ण डेंड्रायटिक पेशी होते. नेहमीच्या डेंड्रायटिक पेशींचे दोन प्रकार, सीडीसी१ आणि सीडीसी२. यातलं कोणतं व्हायचं, याचा निर्णय पुष्कळ प्री-डीसींच्या बाबतीत मज्जेतच लागलेला असतो, हे २०१५ च्या सुमारास स्पष्ट झालं. सीडी१३५ म्हणजे एफएलटी३ हा रिसेप्टर पूर्वजापासून शेवटपर्यंत टिकून राहतो. मोनोसाइटपासून आलेल्या पेशींवर तो सहसा नसतो, आणि पुढे ओळख पटवताना याचा उपयोग होतो.

प्लाझ्मासायटॉइड डेंड्रायटिक पेशींची, म्हणजे पीडीसींची, गोष्ट जरा वेगळी. त्या मज्जेतच पूर्ण होऊन बाहेर पडतात, आणि त्यांचा मोठा हिस्सा लिम्फॉइड बाजूच्या पूर्वजांपासून येतो असं अलीकडच्या कामातून पुढे आलं आहे. त्वचेतल्या लँगरहान्स पेशी तर या झाडावर बसतच नाहीत. त्यांची पेरणी गर्भावस्थेतच होते आणि पुढे त्या त्वचेतल्या त्वचेत स्वतःला भरून काढतात. तुमच्या प्लेटमध्ये त्या येणार नाहीत, तेव्हा इथे त्यांना सोडून देऊ.

कोणाचं काम काय

सीडीसी१: आयआरएफ८ आणि बीएटीएफ३ या, जनुकं चालू-बंद करणाऱ्या घटकांवर उभी. बीएटीएफ३ काढलेल्या उंदरात ही पेशी जवळपास नाहीशी होते, आणि असा उंदीर एरवी नाकारला गेला असता असा ट्यूमर नाकारू शकत नाही. हे २००८ मध्ये दाखवलं गेलं. बाहेरून गिळलेलं प्रथिन एमएचसी-१ वर मांडून सीडी८ टी-पेशींना दाखवणं, म्हणजे क्रॉस-प्रेझेंटेशन, हे हिचं खास काम. मृत पेशी उचलण्यात तरबेज, टीएलआर३ (टीएलआर म्हणजे जंतूंच्या खुणा ओळखणारे रिसेप्टर) भरपूर, आयएल-१२ (टी-पेशींना चेतवणारं सायटोकाइन) जोरात. उंदरात हिच्यावर टीएलआर७ मात्र नाही. ओळख एक्ससीआर१ आणि सीएलईसी९ए वरून; प्लीहेत सीडी८-अल्फा, तर आतडं-फुप्फुसात सीडी१०३.

सीडीसी२: आयआरएफ४ ची साथ, सिर्प-अल्फा आणि सीडी११बी. सीडी४ टी-पेशींना एमएचसी-२ वरून प्रतिजन दाखवणं हे मुख्य काम. टी-पेशींना टीएच२, टीएच१७ या दिशा बहुतांशी हिच्याकडून मिळतात. हा गट आतून एकजिनसी नाही. प्लीहेतल्या ईसॅम असलेल्या आणि नसलेल्या पेशी वेगळ्या वागतात.

पीडीसी: टीसीएफ४ वर अवलंबून. बी२२०, सिग्लेक-एच, बीएसटी२; सीडी११सी कमी. टीएलआर७ आणि टीएलआर९ वाटे विषाणूचं आरएनए-डीएनए ओळखून टाइप-१ इंटरफेरॉनचा लोंढा सोडते. टी-पेशी जागवण्यात मात्र ती सीडीसींच्या मागेच.

आणि चौथी, मोनोसाइटपासून झालेली. दाह सुरू असताना एलवाय६सी जास्त असलेले मोनोसाइट ऊतीत शिरतात आणि डेंड्रायटिक पेशींसारखे दिसू लागतात. आपल्याकडे ‘बीएमडीसी’ (मज्जेपासून वाढवलेल्या डेंड्रायटिक पेशी) म्हणून जे वाढवतात ते बहुतांशी यांच्याच जवळचं असतं.

मग कोणती कृती निवडायची

दोन रस्ते आहेत. जीएम-सीएसएफ हे सायटोकाइन देऊन केलेलं कल्चर, जे लुट्झ आणि सहकाऱ्यांच्या १९९९ च्या पद्धतीने बहुतेक जण करतात. आणि एफएलटी३ ला जोडणारं एफएलटी३-लिगँड देऊन केलेलं, जे २००५ पासून रुळलं. पहिल्यात पेशी खूप मिळतात, खर्च कमी येतो, पण त्यात मॅक्रोफेजसारख्या आणि डेंड्रायटिकसारख्या पेशींची सरमिसळ असते, आणि दोन्हींवर सीडी११सी व एमएचसी-२ असतं. २०१५ मध्ये हे उघड झाल्यावर चांगलाच गदारोळ झाला होता. दुसऱ्यात पेशी कमी मिळतात, पण प्लीहेतल्या सीडीसी१, सीडीसी२ आणि पीडीसी या तिघींची प्रतिरूपं एकाच प्लेटमध्ये येतात.

माझं मत सरळ आहे. ‘अर्काने दाहाच्या वेळच्या प्रतिजन-सादर करणाऱ्या पेशी जाग्या होतात का’ एवढाच प्रश्न असेल तर जीएम-सीएसएफ पुरे, फक्त निष्कर्षात ‘डेंड्रायटिक पेशींची उपप्रजाती’ हा शब्द आणू नका. क्रॉस-प्रेझेंटेशन, इंटरफेरॉन, ट्यूमर यातलं काही असेल तर एफएलटी३-लिगँडला पर्याय नाही.

खरेदीत एक खड्डा आहे. उंदराच्या पेशींवर मानवी जीएम-सीएसएफ चालत नाही, उंदराचंच लागतं. मानवी एफएलटी३-लिगँड मात्र उंदराच्या पेशींवर चालतं. कोटेशन मागवताना कॅटलॉगमधल्या ‘स्पीशीज’च्या रकान्यावर बोट ठेवून वाचा.

हिशेब असा. एका उंदराच्या दोन मांड्या आणि दोन नडग्यांतून साधारण ३ ते ५ कोटी पेशी निघतात. जीएम-सीएसएफच्या पद्धतीत १० सेंमी प्लेटला २० लाख पेशी लागतात, म्हणजे एका उंदरात पंधरा-वीस प्लेटा सहज होतात. दर मिलीलिटरला २० नॅनोग्रॅम धरून, बदललेल्या मिडियमसकट एका प्लेटला ८०० नॅनोग्रॅम जातं. एफएलटी३-लिगँडच्या पद्धतीत मिलीलिटरला १५ लाख पेशी, म्हणजे १० मिलीच्या प्लेटला दीड कोटी. एका उंदरात दोन-तीन प्लेटा. मिलीलिटरला २०० नॅनोग्रॅमने प्लेटमागे २ मायक्रोग्रॅम लागतं.

परवानगी, उंदीर आणि उन्हाळा

संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी हातात आल्याशिवाय उंदराला हात लावायचा नाही. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, त्याखालचे १९९८ चे नियम आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणारी सीसीएसईए ही समिती यांचं हे बंधन आहे, जिला आपण अजून जुन्या सवयीने सीपीसीएसईए म्हणतो. अर्ज ‘फॉर्म बी’वर होतो. त्यात ‘मज्जेसाठी इतके उंदीर’ याचं कारण वरच्या हिशेबातूनच द्या, समितीला ते पटतं.

उंदीर सी५७बीएल/६, वय ६ ते १० आठवडे. नोंदणीकृत पुरवठादाराकडूनच घ्या. वैशाखात मागवू नका. प्राणीगृहात २० ते २६ अंश लागतं आणि भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो. स्टेशनवर क्रेट उतरवून गाडीत चढवेपर्यंतच जनावर अर्धं होतं, आणि ताणामुळे वाढलेलं कॉर्टिकोस्टेरॉन पुढच्या निकालात डोकावतं.

उन्हाळ्याचा दुसरा फटका इन्क्युबेटरला. साधा सीओटू इन्क्युबेटर फक्त तापवतो, गार करत नाही. ३७ अंश धरून ठेवायला त्याला आजूबाजूची खोली चार-पाच अंशांनी तरी थंड लागते. एसी बंद पडलेल्या खोलीत ३८ झाली की आतला आकडा ३७ च्या वर सरकतो आणि पेशी शिजायला लागतात. दारावरच्या डिस्प्लेवर विसंबू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. लाइट गेली तर दार उघडून बघायचा मोह टाळा. बंद दारात तास-दीड तास निभावतं. पाण्याचा ट्रे रोज बघा. कोरड्या हवेत मिडियम आटतं, क्षार दाट होतात, आणि दहा दिवसांच्या कल्चरमध्ये तो फरक जाणवतो. जमलं तर हे काम पोळा झाल्यावर सुरू करून होळीच्या आत आटपा.

दिवस शून्य

सुरुवात शुक्रवारी करा. जीएम-सीएसएफमध्ये तिसऱ्या, सहाव्या आणि आठव्या दिवशी मिडियम आणि दहाव्या दिवशी काढणी असते. शुक्रवारी लावलं तर हे दिवस सोमवार, गुरुवार, शनिवार आणि पुन्हा सोमवार असे पडतात. रविवार मोकळा राहतो, आणि पुढे पेशींवरच्या खुणा मोजणाऱ्या फ्लो सायटोमीटरसाठी बाहेरगावी जायचं तर आठवडा हातात असतो. एफएलटी३-लिगँडचं नवव्या दिवशी काढायचं, म्हणून ते शनिवारी लावलं की सोमवारी निघतं.

हाडं काढताना सांध्याच्या बाहेरून कापा. हाड तुटलं तर मज्जेत जंतू गेले समजा. स्नायू टिश्यूपेपरने चोळून काढा, हाड ७० टक्के अल्कोहोलमध्ये क्षणभर बुडवून लगेच पीबीएसमध्ये टाका. मग दोन्ही टोकं छाटून २५ किंवा २६ गेजच्या सुईने मिडियम सोडून मज्जा बाहेर काढा. दुसरी पद्धत जास्त सुटसुटीत: ०.५ मिलीच्या ट्यूबच्या बुडाला १८ गेजच्या सुईने भोक पाडा, एक टोक छाटलेलं हाड त्यात उघडं टोक खाली करून ठेवा, ती ट्यूब १.५ मिलीच्या ट्यूबमध्ये बसवा आणि १०,००० जी वर पंधरा सेकंद फिरवा. मज्जा खाली लाल ठिपक्यासारखी बसते आणि हाड पांढरंफटक पडतं. हाड पांढरं झालं नसेल तर मज्जा आत राहिली.

लाल पेशी एसीके बफरने फोडा. एक-दोन मिनिटं, त्याहून जास्त नाही, आणि लगेच भरपूर मिडियम घालून थांबवा. ७० मायक्रॉनच्या जाळीतून गाळा. ट्रिपॅन ब्लूबरोबर न्यूबॉअर चेंबरमध्ये मोजा: कोपऱ्यांतल्या चार मोठ्या चौकोनांची सरासरी, गुणिले डायल्यूशन, गुणिले दहा हजार.

मिडियम आरपीएमआय-१६४०, त्यात ५६ अंशांवर अर्धा तास तापवलेलं १० टक्के सीरम, ग्लुटामाइन, पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन आणि ५० मायक्रोमोलर २-मर्कॅप्टोइथेनॉल. शेवटचं हूडमध्येच उघडा, वास दिवसभर जात नाही. सीरमचा लॉट बदलला की पेशींचा स्वभाव बदलतो, तेव्हा पूर्ण प्रोजेक्टचं सीरम एकाच लॉटचं घ्या.

जीएम-सीएसएफसाठी जंतूंच्या कल्चरची साधी, प्रक्रिया न केलेली पेट्री प्लेट घ्या. टिश्यू-कल्चरची महागडी प्लेट इथे उलट नडते, मॅक्रोफेज तिला घट्ट चिकटून माजतात. १० मिली मिडियमने सुरुवात, तिसऱ्या दिवशी आणखी १० मिली. सहाव्या आणि आठव्या दिवशी अर्धं मिडियम काढून ते सेंट्रिफ्यूज करा, खाली बसलेल्या पेशी ताज्या मिडियममध्ये घेऊन परत त्याच प्लेटमध्ये सोडा. ते मिडियम सिंकमध्ये ओतलं तर तरंगणाऱ्या पेशी, म्हणजे नेमक्या हव्या असलेल्या, त्याच्याबरोबर जातात. एफएलटी३-लिगँडच्या प्लेटला मात्र नऊ दिवस हातही लावायचा नाही, हलवायचीही नाही.

पाचव्या-सहाव्या दिवशी जीएम-सीएसएफची प्लेट इन्व्हर्टेड मायक्रोस्कोपखाली ठेवा. तळाला चिकटलेल्या चपट्या पेशींवर द्राक्षाच्या घोसासारखे गोळे दिसतील, आणि त्यांच्या कडेला बारीक पडदे हलताना दिसतील. पहिल्यांदा बघणारं पोरगं हमखास ‘सर, हाई काय शे?’ म्हणून ओरडतं. हे घोस हळू पिपेट केल्यावर सुटतात. तळाचे सोडून द्या, खरवडू नका. आणि जोरजोरात पिपेट करू नका. घोस फोडण्याच्या धक्क्यानेही या पेशी परिपक्व होतात, आणि मग तुमचा ‘न उत्तेजित केलेला’ कंट्रोल आधीच उत्तेजित झालेला निघतो.

अर्काआधी एंडोटॉक्सिन

परिपक्व न झालेली डेंड्रायटिक पेशी खूप गिळते आणि कमी दाखवते. धोक्याचा इशारा मिळाला की गिळणं कमी होतं, एमएचसी-२, सीडी८० आणि सीडी८६ पृष्ठभागावर चढतात, सीसीआर७ येतो आणि पेशी सीसीएल१९-सीसीएल२१ या रासायनिक खुणांच्या मागावर लिम्फ नोडकडे निघते. प्रयोगात हा इशारा साधारणपणे मिलीलिटरला १०० नॅनोग्रॅम एलपीएस (ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन), १८ ते २४ तास असा देतात.

वनस्पतीच्या अर्कात हे एलपीएस फुकट येतं. पानांवर, मातीत, ऊर्ध्वपातित पाण्याच्या कॅनमध्ये ग्रॅम-निगेटिव्ह जंतू असतातच. ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर जंतू अडवतो, एलपीएस अडवत नाही. ऑटोक्लेव्हनेही ते जात नाही. काचसामानासाठी २५० अंशांची कोरडी उष्णता, अर्धा तास. अर्काची एंडोटॉक्सिन मोजणारी एलएएल चाचणी करून घ्या. शिवाय प्लेटमधल्या एका विहिरीत (वेलमध्ये) अर्काबरोबर मिलीलिटरला १० मायक्रोग्रॅम पॉलिमिक्सिन-बी, म्हणजे एलपीएसला बांधून निकामी करणारं औषध, ठेवा, आणि दुसऱ्या विहिरीत एलपीएस अधिक पॉलिमिक्सिन-बी. अर्काचा परिणाम पॉलिमिक्सिनने गळून पडला तर तो अर्काचा नव्हताच. पक्कं उत्तर हवं असेल तर सी३एच/एचईजे जातीच्या उंदराची मज्जा वापरा. या उंदरांचा टीएलआर४ बिघडलेला असतो, आणि त्यांच्याच आधारे ब्यूटलर यांच्या गटाने १९९८ मध्ये एलपीएसचा रिसेप्टर शोधला. द्रावकाचा, म्हणजे डीएमएसओ किंवा अल्कोहोलचा, कंट्रोल वेगळा ठेवावा लागतो हे सांगायला नकोच.

प्लेटमध्ये काय आहे

फक्त सीडी११सी बघून ‘९० टक्के शुद्ध डेंड्रायटिक पेशी’ असं लिहिणं म्हणजे खान्देशातल्या एखाद्या गावात जाऊन ‘पाटील कुठे राहतात?’ विचारण्यासारखं आहे. अर्धं गाव वळून बघतं.

आधी मृत पेशींचा रंग, मग सिंगलेट (एकमेकींना न चिकटलेल्या सुट्या पेशी), आणि स्टेनिंगच्या आधी सीडी१६/३२ विरोधी प्रतिपिंडाने एफसी ब्लॉक. जीएम-सीएसएफच्या प्लेटमध्ये सीडी११सी आणि एमएचसी-२ यांच्याबरोबर सीडी११५, सीडी१३५ आणि एफ४/८० किंवा मर्टीके लावा. सीडी११५ असलेल्या, एमएचसी-२ मध्यम आणि सीडी११बी जास्त अशा पेशी मॅक्रोफेजच्या बाजूच्या. एमएचसी-२ भरपूर आणि सीडी१३५ असलेल्या डेंड्रायटिकच्या बाजूच्या. एफएलटी३-लिगँडच्या प्लेटमध्ये आधी बी२२० बघा: सीडी११सी आणि बी२२० दोन्ही असलेल्या पीडीसी. बी२२० नसलेल्यांत सीडी२४ जास्त आणि सिर्प-अल्फा कमी म्हणजे सीडीसी१, उलट असेल तर सीडीसी२. इथे सीडी८-अल्फा शोधत बसू नका. या कल्चरमधल्या सीडीसी१ वर तो येत नाही, आणि पोरं ‘सीडीसी१ झाल्याच नाहीत’ म्हणून प्लेटा फेकून देतात.

अर्क रंगीत असेल तर एक विहीर अर्क दिलेली पण स्टेन न केलेली ठेवा. हळदीतलं करक्युमिन हिरव्या चॅनेलमध्ये, म्हणजे नेमकं एफआयटीसीच्या जागी चमकतं, आणि पानातलं क्लोरोफिल लाल बाजूला.

फ्लो सायटोमीटर जवळ नसेल तर पुण्या-मुंबईकडच्या एखाद्या संस्थेत वेळ घ्यावी लागते. स्टेनिंग इथेच करा, फिक्सेबल प्रकारचाच मृत-पेशी रंग वापरा, १ ते २ टक्के पॅराफॉर्मलडिहाइडमध्ये फिक्स करून धुऊन घ्या. ट्यूबा फॉइलमध्ये गुंडाळून जेल-पॅकच्या डब्यात ठेवा, पॅकला थेट टेकू देऊ नका, पेशी गोठतात. रात्रीच्या गाडीने निघून सकाळी मशिनवर. एक-एक रंगाचे कॉम्पेन्सेशन कंट्रोल आणि एफएमओ (एक रंग वगळून केलेले कंट्रोल) त्याच डब्यात, त्याच फिक्सिंगमधून गेलेले हवेत. पीई-सीवाय७ सारखे जोडरंग उजेडात आणि फिक्सेटिव्हमध्ये तुटतात, तेव्हा महत्त्वाचा मार्कर त्यांच्यावर ठेवू नका.

काम तपासणं

गिळणं तपासायला एफआयटीसी-डेक्स्ट्रान, मिलीलिटरला १ मिलिग्रॅम, अर्धा ते एक तास, ३७ अंशांवर. तेच ४ अंशांवर केलेलं वजा केलं की खरं गिळणं उरतं. बाकीचं नुसतं चिकटलेलं.

टी-पेशींना जागं करण्याची चाचणी ओटी-१ आणि ओटी-२ उंदरांच्या पेशींवर झाली तर उत्तम, कारण त्यांच्या टी-पेशी ओव्हाल्ब्युमिन हे प्रथिन ओळखतात. पण क्रॉस-प्रेझेंटेशन तपासताना डेंड्रायटिक पेशींना पूर्ण ओव्हाल्ब्युमिन द्या. २५७-२६४ हा तयार पेप्टाइड दिला तर तो थेट एमएचसी-१ वर जाऊन बसतो आणि कोणतीही पेशी पास होते. तो फक्त पॉझिटिव्ह कंट्रोलसाठी. ही उंदरं मिळणार नसतील तर मिक्स्ड लिम्फोसाइट रिअ‍ॅक्शन करा: सी५७बीएल/६ च्या डेंड्रायटिक पेशी, बाल्ब/सी च्या प्लीहेतल्या टी-पेशी, गोल बुडाच्या ९६ विहिरींत विहिरीला १ लाख टी-पेशी, आणि डेंड्रायटिक पेशी त्यांच्या दहाव्या हिश्शापासून शंभराव्या हिश्शापर्यंत उतरत्या. चार-पाच दिवसांनी टी-पेशी किती वाढल्या ते सीएफएसई किंवा बीआरडीयूवर मोजा. एकाच गुणोत्तरावर थांबू नका. डेंड्रायटिक पेशी भरपूर असल्या की सगळे अर्क सारखेच दिसतात, फरक विरळ टोकाला उघडा पडतो.

सुपरनेटंटमध्ये आयएल-१२ चं पी७० रूप मोजा. पी४० एकटंही खूप सुटतं आणि आयएल-२३ मध्येही तेच असतं, तेव्हा स्वस्त मिळतो म्हणून पी४० चा किट घेऊन ‘आयएल-१२ वाढलं’ लिहिता येत नाही. पीडीसीसाठी सीपीजी-ए (टीएलआर९ ला जागवणारा डीएनएचा तुकडा) देऊन इंटरफेरॉन-अल्फा मोजा.

हे सगळं जुळून आलं तरी थिसिसच्या चर्चेत माणसाकडे उडी मारताना दोन गोष्टी तपासा. माणसाच्या सीडीसी१ वर सीडी८-अल्फा नसतो, तिथे सीडी१४१, एक्ससीआर१ आणि सीएलईसी९ए बघतात. आणि उंदरात टीएलआर९ सीडीसींवरही असतो, माणसात तो मुख्यतः पीडीसी आणि बी-पेशींपुरताच. सीपीजी देऊन उंदराच्या सीडीसींनी थेट जो प्रतिसाद दिला, तो माणसाच्या सीडीसींकडून तसाच मिळणार नाही.